सहावी-सातवीच्या वर्गात पहिला प्रकल्प: पावसापासून सुरुवात करा

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते आणि नव्या शिक्षकाच्या हातात सहावीचा वर्ग येतो. पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी विचारतंच, ‘प्रकल्पाचे विषय दिलेत का?’ मग फळ्यावर यादी लिहिली जाते. प्रदूषण, भारतीय रेल्वे, पाण्याचे महत्त्व, आपले सण. दिवाळीच्या तोंडाशी पन्नास फायली टेबलावर येतात, झगमगीत कव्हर आणि आत इंटरनेटवरून काढलेली चित्रं. मूल समोर उभं राहतं, तुम्ही विचारता, ‘यातलं तू काय शोधलंस?’ आणि ते खाली बघतं.

ठाण्यातल्या मराठी माध्यमाच्या वर्गांत बरीच वर्षं शिकवताना अशा फायली मीही घेतल्या आणि त्यांवर सह्याही केल्या. त्या खाली घातलेल्या मानेने मला माझी पद्धत बदलायला लावली. यंदा पहिल्यांदाच सहावी किंवा सातवी घेताय, किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन ठाणे-नवी मुंबईत आलाय, तर पहिला प्रकल्प कसा उभा करायचा ते इथे क्रमाने सांगते. उदाहरण पावसाचं घेते, कारण तो आपल्याकडे शाळेबरोबरच येतो, फुकट येतो आणि प्रत्येक मुलाच्या डोक्यावर पडतो.

आधी प्रश्न

‘रेल्वे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली आणि तिने ३४ किलोमीटर अंतर कापलं, ही ओळ ठाण्यातल्या दर दुसऱ्या फाईलमध्ये असते. माहिती खरी आहे, ठाणेकर म्हणून मला तिचा अभिमानही आहे. पण ती मुलाने शोधलेली नसते, उतरवलेली असते. त्याऐवजी असं विचारून बघा: आपल्या वर्गातल्या किती जणांच्या घरातलं माणूस सकाळी आठच्या आत लोकल पकडतं? हे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, फक्त त्या पन्नास मुलांकडे आहे. मुलांना ते कळलं की वर्गाचा आवाजच बदलतो.

प्रश्न निवडताना मी तीन गोष्टी तपासते. मुलांना स्वतः मोजता, मोजून घेता किंवा विचारून आणता येईल का? शाळेच्या आवारात किंवा पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरात होईल का? आणि उत्तर मला स्वतःला आधीपासून माहीत नाही ना? तिसरी गोष्ट नव्या शिक्षकांना अवघड जाते. वर्गासमोर ‘मला माहीत नाही, बघू या’ म्हणायला धीर लागतो. तो एकदा आला की मुलं तुमच्याबरोबर शोधायला लागतात.

पावसाचा प्रश्न मी असा मांडते: ‘आपल्या शाळेवर या पावसाळ्यात किती पाऊस पडेल?’ बातम्यांत सांताक्रूझ आणि कुलाब्याचे आकडे येतात, महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्षही शहराचा आकडा काढतो. आपल्या शाळेच्या अंगणाचा आकडा मात्र कुणाकडेच नसतो.

काम वर्गातच

यात मी तडजोड करत नाही. घरी पाठवलेला प्रकल्प घरातली मोठी माणसं करतात, आणि ज्या घरात मोठ्यांना वेळ नाही तिथे तो होतच नाही. मग ज्याची आई चित्रकलेत हुशार, त्याला अ-१ आणि जिची आई दोन घरची धुणीभांडी करून नऊला परतते, तिला क. ही श्रेणी मुलांची नव्हे, घरांची असते.

म्हणून वेळापत्रकात जागा काढा. आठवड्यातून एक जोडतास पुरतो, पस्तीस मिनिटांचे दोन तास म्हणजे सत्तर मिनिटं. विज्ञान आणि गणित दोन्ही तुमच्याकडेच असतील तर सोपं, नसतील तर दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांशी जूनमध्येच बोलून ठेवा. टाचणवहीत, म्हणजे पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत, घटकाचं नाव लिहून समोर ‘पर्जन्यमापन प्रकल्प’ अशी नोंद करा. केंद्रप्रमुख भेटीला आले की त्यांनाही दिसतं की वर्ग नुसता बाहेर पाऊस बघत बसलेला नाही.

बाटली तयार करणं

दोन लिटरची, सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली लागते. कमरेत बारीक झालेली किंवा नक्षीची चालत नाही. वर्गात आठ ते दहा गट होतील, तेवढ्या बाटल्या मुलांकडूनच जमतात.

वरचा निमुळता भाग जिथे संपतो आणि सरळ अंग सुरू होतं, बरोबर तिथे बाटली कापायची. कटर शिक्षकाच्याच हातात राहू दे, आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावून घ्या, ती कड बोटं कापते. कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. त्याने पालापाचोळा अडतो आणि आतलं पाणी वाफ होऊन उडायचं प्रमाण कमी होतं.

आता तळ. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, तिथून मोजायला लागलात तर पहिल्याच दिवशी आकडा चुकतो. तळात बारीक खडी घाला, म्हणजे वाऱ्याने बाटली कलंडतही नाही. मग सरळ अंग सुरू होईपर्यंत पाणी ओता. त्या पाण्याची पातळी म्हणजे शून्य. तिथून वर आलेखकागदाची पट्टी लावा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा. प्लॅस्टिकची फूटपट्टी तशीच चिकटवू नका, कारण बहुतेक पट्ट्यांत शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते. रोज मोजून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत उतरवायचं, कमी झालं असेल तर भरायचं.

बाटल्या बनवताना एक वाद हमखास होतो आणि तो होऊ द्यावा. कुणाकडे एक लिटरची बाटली असते, कुणाकडे दोन लिटरची. ‘बाई, त्यांची बाटली मोठी आहे, त्यांच्यात जास्त पाऊस पडणार!’ लगेच उत्तर देऊ नका. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी रुंद बाटलीत पाणी जास्त असतं, पण उंची जवळजवळ तीच भरते. रुंद तोंडात थेंब जास्त पडले, पण तेवढ्याच रुंद जागेत ते पसरले. हे पुस्तकातून सांगितलं तर दोन ओळींत संपतं. वादातून आलं तर मुलं घरी जाऊन सांगतात. मागे एका मुलाने आईच्या स्वयंपाकघरातले दोन सरळ डबे गॅलरीबाहेर ठेवून पुन्हा खात्री करून घेतली होती. त्याला मी तसं करायला सांगितलेलंही नव्हतं.

जागा आणि वेळ

उघडी जागा हवी. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली असावी असा नियम धरा. दाटीवाटीच्या शाळांत एवढी जागा मिळत नाही, तेव्हा त्यातल्या त्यात मोकळा कोपरा घ्या आणि तो कसा आहे ते वहीत लिहून ठेवा. गच्ची मोहात पाडते, पण तिथे वाऱ्याने थेंब तिरके जातात आणि बाटलीत कमी पाऊस पडतो. शिवाय मुलांना एकटं गच्चीवर पाठवता येत नाही. बाटलीभोवती चार विटांचं घरटं केलं की ती जमिनीवर नीट उभी राहते.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. सकाळच्या अधिवेशनाची शाळा असेल तर तीच वेळ धरा. दुपारच्या अधिवेशनाची असेल तर साडेबारा धरा, पण मग रोज साडेबाराच. वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तुलना करताना आपला दिवस चार तास उशिरा संपतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

आपल्याकडच्या जोरदार दिवसाला दोन लिटरची बाटली भरून वाहू शकते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. ऑरेंज अलर्ट आला की दिवसातून दोनदा मोजा आणि बेरीज करा. रेड अलर्टला शाळेला बहुधा सुट्टीच असते, तेव्हा मोजणी बंद. कुठल्याही आकड्यासाठी मूल पावसात घराबाहेर पडता कामा नये, हे वर्गात दोनदा सांगा आणि पालकसभेत तिसऱ्यांदा. मोजायला मुलांनी किती सुंदर कारण दिलं तरी नाही म्हणा.

गट

शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं असं प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात पन्नासच्या वर पट असलेले वर्ग आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पाचच्या वर मुलं एका गटात घेऊ नका, सहावा मुलगा नुसता बघत राहतो.

गट मैत्रीवर पाडू नका आणि मार्कांवर तर मुळीच नको. मी राहण्याच्या जागेवर पाडते. एकाच चाळीतली किंवा एकाच सेक्टरमधली मुलं एकत्र आली की शाळेबाहेरही बोलतात. पाच कामं ठरवायची: एक वाचणारा, एक दुसऱ्यांदा वाचून ताडणारा, एक लिहिणारा, एक बाटली सांभाळणारा, एक शनिवारी वर्गाला सांगणारा. दर सोमवारी कामं फिरवा. फिरवली नाहीत तर सुवाच्य अक्षराची मुलगी वर्षभर लिहीतच राहते आणि वर्गातला दांडगा मुलगा वर्षभर बाटलीच उचलतो. पाणीपातळी डोळ्याच्या रेषेत आणून, खालच्या वळणाला बघून वाचायची, हे प्रत्येकाला एकदा तरी जमलं पाहिजे.

वेळेवर येऊ न शकणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. माझ्या एका वर्गातली मुलगी आईबरोबर पहाटे मासळी आणायला जायची आणि तिसऱ्या तासाला उगवायची. तिला गटातून वगळणं सोपं होतं. तिच्याकडे आम्ही वेगळं काम दिलं: बाजारात बसणाऱ्या बायका पावसाबद्दल काय बोलतात ते लक्षात ठेवून यायचं. वर्गात पावसाचे सगळ्यात जास्त शब्द तिनेच आणले. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली. कोसबाड आता २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, पण ठाण्यातल्या नव्या शिक्षकाने एकदा तरी तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

नोंदवही, आणि शून्य व रेघ यांतला फरक

गटाला एकच शंभर पानी वही. तारीख, वेळ, आकडा, वाचणाऱ्याची सही, ताडणाऱ्याची सही आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात काहीही चालतं. ‘बाटलीत किडा होता.’ ‘काल रात्री लाईट गेली होती.’ ‘मांजराने बाटली पाडली.’ पुढे आकडा विचित्र दिसला की हाच रकाना उपयोगी पडतो.

पाऊस नव्हता तर शून्य लिहायचं. मोजलंच नाही तर आडवी रेघ. हे दोन वेगळे आहेत, आणि हे एकदा समजावून भागत नाही.

एका जुलैत एका गटाच्या वहीत रविवारच्या पुढे ३५ लिहिलेलं दिसलं. शाळा बंद होती आणि सोमवारी बाटली आडवी पडलेली मी स्वतः पाहिली होती. मी गटाला काही बोलले नाही. सगळ्या वर्गाला विचारलं, ‘आपल्या वहीतल्या कोणत्या ओळी तुम्ही परक्या माणसासमोर छातीवर हात ठेवून खऱ्या आहेत म्हणून सांगाल?’ मुलांनी वह्या उघडल्या. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्याच गटातला एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, आमची रविवारची ओळ खोडतो.’ मी खोडू दिली नाही. तिच्यावर एक तिरकी रेघ मारून शेऱ्यात ‘मोजलेलं नाही, अंदाजाने लिहिलं होतं’ असं लिहायला सांगितलं आणि शाबासकी दिली. तेव्हापासून त्या वर्गात रेघांची कुणाला लाज वाटली नाही. मुलांना मार्कांची भीती असते म्हणून ती रिकामी जागा भरतात. रिकाम्या जागेचे मार्क जात नाहीत हे त्यांना तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

रविवारचा प्रश्न साधा सोडवा. सोमवारी सकाळी येणारा आकडा शनिवार-रविवार मिळून आहे असं लिहा, दोन ओळींना महिरपी कंस करा. शिपाईमामा तयार असतील तर रविवारी तेही वाचतात. मग सहीच्या रकान्यात त्यांचं नाव लिहायचं.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

हाच या सगळ्या कामाचा गाभा, म्हणून इथे घाई करू नका. पहिल्या आठवड्यात गटांचे आकडे फळ्यावर लिहिले की गोंधळ उडतो. एका गटाचे ६२, दुसऱ्याचे ४८, तिसऱ्याचे ६०. मुलं तुमच्याकडे बघतात: ‘बाई, खरं कुठलं?’

उत्तर तुमच्याकडे नाहीच, मुलांनाच शोधू द्या. आमच्याकडे ४८ वाल्या गटाची बाटली गुलमोहराखाली निघाली. पानांनी पाऊस झेलला होता. लगेच एक मुलगी म्हणाली, ‘पण पाऊस थांबला तरी झाड गळतच असतं.’ बरोबर होतं. मग आठ दिवस एक बाटली झाडाखाली आणि एक उघड्यावर ठेवली. हलक्या पावसात झाडाखालची बाटली मागे राहायची, आणि एका धो धो दिवशी फांदीवरून धार नेमकी तिच्यात पडल्यामुळे तीच पुढे गेली. या आठ दिवसांत मुलांनी जे शिकलं ते ‘झाडे पाऊस आणतात’ या घोषवाक्यापेक्षा कितीतरी खोल होतं.

दुसरा फरक वाचण्याचा. उभ्याने वरून वाचलं तर वेगळं, बसून डोळ्यासमोर धरून वाचलं तर वेगळं. तिसरा शून्याच्या रेघेचा, कुणीतरी पाणी भरायला विसरलेलं असतं. फरकाची कारणं मुलांनी फळ्यावर लिहायची आणि कशी दूर करायची तेही त्यांनीच ठरवायचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक उरतोच, तो उरू द्या.

शब्द आणि नक्षत्रं

मराठीच्या तासाला हाच पाऊस घ्या. रिमझिम, भुरभुर, सर, झड, संततधार, मुसळधार. मुलांच्या घरी यापेक्षा जास्त शब्द असतात, आगरी-कोळी घरांत वेगळे, घाटावरून आलेल्या घरांत वेगळे, उत्तरेकडच्या घरांत आणखी वेगळे. ते सगळे भिंतीवर लावा. मग रोजच्या आकड्यासमोर एक शब्द लिहायचा. महिनाभराने कळतं की दिवसभराची झड पुष्कळदा तासाभराच्या एका सरीपेक्षा कमी भरते. ‘खूप पाऊस’ म्हणजे खूप वेळ की खूप पाणी, यावर माझ्या वर्गात एक अख्खा तास गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

आजी-आजोबांना मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ठाऊक असतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. घरच्या दिनदर्शिकेत नक्षत्रं कधी लागतात ते दिलेलं असतं. मुलांनी ऑगस्टमध्ये नक्षत्रांप्रमाणे बेरजा करायच्या आणि घरी जाऊन सांगायचं, यंदा तरणा जास्त पडला की म्हातारा. कधीच शाळेत न आलेली एक आजी हा आकडा ऐकायला पालकसभेला आली होती. तिने वर्गाला मृगाच्या किड्यापासून भाताच्या लावणीपर्यंत सगळं सांगितलं, तेही जिथे आता सोसायटीचं पार्किंग आहे त्या शेतातलं.

गणित

सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख आणि सरासरी. हे धडे तुमच्याकडच्या आकड्यांवरच घ्या, पुस्तकातली उदाहरणं नंतर सोडवली तरी चालतं. जोडस्तंभालेखात आपली शाळा आणि सांताक्रूझ शेजारी शेजारी ठेवा. एका दिवशी आपल्याकडे कोरडं आणि तिकडे धो धो असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला त्याचा दहावा हिस्सासुद्धा नव्हता, हे सांगितलं की मुलं थक्क होतात.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. हे मुलांनी घनफळातून स्वतः काढायचं. मग टेप घेऊन शाळेच्या इमारतीची लांबी-रुंदी बाहेरून मोजा. छप्पर तीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असेल तर तीनशे चौरस मीटर. एका दिवसात चाळीस मिलिमीटर पाऊस म्हणजे बारा हजार लिटर, हजार लिटरच्या बारा टाक्या. ज्या मुलांच्या चाळीत नळाला दिवसाला तासभर पाणी येतं ती हा आकडा दोनदा तपासून बघतात. इथून पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: हे पाणी जातं कुठे, आणि आपल्या नळाचं पाणी येतं कुठून? नवी मुंबईत उत्तर खालापूरजवळच्या मोरबे धरणापर्यंत जातं, ठाण्यात बरंचसं भातसा नदीपर्यंत.

दुसऱ्या सत्रात शाळेबाहेर

दिवाळीनंतर वर्गाला हात बसलेला असतो, तेव्हा बाहेर पडा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रं, वीस मुलांमागे एक मोठं माणूस, प्रथमोपचाराची पेटी. पाण्याच्या काठाला मुलांनी जायचं नाही, नमुना हवा असेल तर शिक्षक काढून आणतील. यात सवलत नाही.

ठाण्यात तलाव हाताशी आहेत. मासुंदा स्टेशनपासून चालत, काचराळी महापालिका मुख्यालयाला लागून. एका तासात येणारे-जाणारे काय करतात ते मोजणं, काठावरची झाडं नावानिशी नोंदवणं, जुन्या रहिवाशांना तलाव पूर्वी कसा होता ते विचारणं, एवढं सहावीला पुरतं. ऐरोली, वाशी, नेरुळच्या शाळांना खाडी आहे. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं एकदा दाखवा आणि एका चौरस मीटरमध्ये किती आहेत ते भरतीची वेळ बघून, बांधावरूनच मोजा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात, म्हणजे नेमके आपल्या दुसऱ्या सत्रात.

नवी मुंबईच्या शिक्षकांना आणखी एक सुचवते. नवी मुंबई उभारणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसलं. तुमच्या वर्गात त्या गावांतली मुलं असतील आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर कालपरवा सेक्टरमध्ये राहायला आलेली. शाळा उभी आहे त्या जागी आधी काय होतं, हा प्रश्न दोघांना मिळून द्या. भातशेती, मिठागर की खाजण, उत्तर गावातल्या घरातून येतं. मुलाखतीआधी मात्र प्रश्न वर्गात वाचून घ्या. जमीन गेल्याची गोष्ट काही घरांत अजून दुखरी आहे, तिथे अकरा वर्षांच्या मुलाने ‘मोबदला किती मिळाला’ असं विचारता कामा नये.

पालक

जुलैच्या पालकसभेत सांगून टाका की प्रकल्पासाठी एक रुपयाही खर्च करायचा नाही आणि घरी काही करायचं नाही. काहींना हायसं वाटतं, काहींना काळजी. ‘बाई, एखादं मॉडेल असतं तर प्रदर्शनात ठेवता आलं असतं.’ मी वही त्यांच्या हातात देते आणि मुलाला शेजारी उभं करते. मूल पाच मिनिटं न अडखळता बोलतं, त्यापुढे मला फारसं बोलावं लागत नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची चौकशी सहावीचे पालक करतातच. तिच्या शेवटच्या टप्प्यात प्रकल्प आणि मुलाखत असते, आणि तिथे स्वतः मोजलेल्या मुलाला उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

श्रेणी आणि नोंदी

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं दिली आहेत. प्रकल्प त्यातलं एक. सहावीला आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) निम्मं-निम्मं, सातवीला चाळीस-साठ असा भारांश त्यात ठरवला. या एका कामातून दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि वर्गकार्य अशा पाच साधनांच्या नोंदी निघतात, त्यामुळे वेगळी कामं लादावी लागत नाहीत.

मी प्रत्येक मुलाला एकट्याने तीन प्रश्न विचारते. तुमच्या वहीतला सगळ्यात शंकास्पद आकडा कोणता आणि का? दुसऱ्या गटाचं काय तुम्ही उचललंत? पुढच्या वर्षी काय वेगळं कराल? दिवसाला मधल्या सुट्टीत चार मुलं घेतली तर बावन्न मुलांना तेरा दिवस लागतात. वर्णनात्मक नोंद तिथल्या तिथे लिहा. ‘उपक्रमात सहभाग घेतो’ असं सरधोपट नको. ‘पातळी वाचण्यातली स्वतःची चूक शोधून गटाला दाखवली’ असं लिहा.

सप्टेंबरअखेर बाटल्या धुऊन, खडी वाळवून, पट्ट्यांसकट खोक्यात भरा. वह्यांच्या वर एक चिठ्ठी ठेवायला मुलांना सांगा, पुढच्या सहावीसाठी. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीत माझ्या मुलांनी लिहिलं होतं: ‘गुलमोहराखाली ठेवू नका. ठेवलीत तर एक उघड्यावर पण ठेवा. रविवारी रेघ मारा.’